मुलांमधली आयबीडी: पहिल्या संशयापासून रोजच्या सांभाळापर्यंत

दोन वर्षांपूर्वी घेतलेली पँट मुलाला अजून आखूड झालेली नाही, हे घरात सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. आलंच तर 'चला, पैसे वाचले' एवढ्यावर विषय संपतो. पोट अधूनमधून दुखतं, जेवण निम्म्यावर आलेलं असतं. त्यावर 'शाळा चुकवायची नाटकं' इथपासून 'जंत झाले असतील' इथपर्यंत सगळं बोलून होतं, जंताचं औषधही दोनदा देऊन होतं. मग एखाद्या तापाच्या निमित्ताने रक्त तपासलं जातं, हिमोग्लोबिन ८ निघतं, आणि खरा शोध तिथून सुरू होतो. मुलांमधल्या आयबीडीच्या, म्हणजे आतड्यांच्या जुनाट दाहाच्या, कितीतरी कहाण्यांची सुरुवात अशीच असते.

हा लेख मुख्यतः पालकांसाठी आहे, पण अशा मुलाला सगळ्यात आधी बघणाऱ्या घरच्या डॉक्टरांनीही तो वाचावा. औषधांचे डोस दिले आहेत ते कागदावरचं लिहिलेलं समजावं म्हणून. ते ठरवायचं काम मुलांच्या पोटविकारतज्ज्ञाचंच.

आजार नेमका कोणता

आयबीडी आणि आयबीएस या नावांत एका अक्षराचा फरक आहे आणि त्याने फार घोळ होतो. आयबीएसमध्ये आतडं तपासलं तर निरोगी दिसतं, फक्त त्याचं काम बिनसलेलं असतं. आयबीडीत आतड्याच्या अस्तराला सूज असते, जखमा असतात, त्यातून रक्त आणि प्रथिनं झिरपत असतात. आयबीएसने मुलाची उंची खुंटत नाही. आयबीडीने खुंटते.

आयबीडीचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यापुरता असतो, गुदाशयापासून सुरू होऊन वर सलग पसरतो आणि आतल्या अस्तरातच राहतो. दुसरा क्रोन्स. न्यूयॉर्कमधल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपेनहायमर या तिघांनी १९३२ साली त्याचं वर्णन केलं, नाव मात्र एकट्या क्रोनचं राहिलं. हा तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, बहुतेकदा लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला. मध्ये निरोगी भाग सोडून तो तुकड्यातुकड्यांनी पसरतो आणि आतड्याच्या भिंतीची पूर्ण जाडी व्यापतो. म्हणूनच क्रोन्समध्ये आतडं अरुंद होणं, भगंदर होणं, आत पू साचणं हे प्रकार दिसतात. काही मुलांत सुरुवातीला दोन्हींतला फरक सांगताच येत नाही. तेव्हा 'अवर्गीकृत आयबीडी' असं लिहितात. डॉक्टरांना काही कळलेलं नाही, असा त्याचा अर्थ काढू नका.

आयबीडीच्या साधारण पाव रुग्णांना आजार विशीच्या आत सुरू होतो. मुलांमध्ये तो जास्त पसरलेला असतो. मोठ्या माणसात कोलायटिस बऱ्याचदा डाव्या बाजूपुरता राहतो, मुलांत बहुधा सगळं मोठं आतडं त्यात सापडतं. सहा वर्षांखालच्या मुलांचा गट आणखी वेगळा, त्याबद्दल पुढे येईल.

हा आजार का होतो? जनुकांचा कल, आतड्यातले जिवाणू आणि रोगप्रतिकारशक्तीची चुकलेली दिशा, यांच्या मेळातून. तुम्ही अमुक खायला दिलं म्हणून झाला, असं नाही. हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावं लागतं, कारण बहुतेक आया तोच प्रश्न मनात घेऊन समोर बसलेल्या असतात.

पहिली पायरी: वही आणि उंचीची पट्टी

संशय आला की तज्ज्ञाकडे जाण्याआधी दोन आठवड्यांची नोंद ठेवा. दिवसातून किती वेळा शौचाला जावं लागतं, पातळ की बांधलेली, रक्त दिसलं का, चिकट आव पडते का, पोट कुठे दुखतं, ताप, जेवण. सगळ्यात महत्त्वाची नोंद रात्रीची. पोटदुखीने किंवा शौचाच्या कळेने मूल झोपेतून उठत असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. साध्या, कार्यात्मक पोटदुखीत मूल दिवसा कळवळतं, पण रात्री शांत झोपतं. बेंबीभोवती दुखणं, वजन चांगलं, झोप चांगली, रक्त नाही, असं चित्र असेल तर आयबीडीची शक्यता बरीच कमी होते. दुखणं बेंबीपासून जितकं लांब, विशेषतः उजवीकडे खाली, तितकं जास्त लक्ष द्यायचं.

आता उंची. शाळकरी वयात, पौगंडावस्था सुरू होण्याआधी, मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंमी वाढतं. ४ सेंमीपेक्षा कमी वाढ झाली असेल तर कारण शोधायलाच हवं. क्रोन्समध्ये उंचीचा वेग मंदावणं हे जुलाब सुरू होण्याच्या कित्येक महिने आधीचं लक्षण असू शकतं. जुलाब मुळीच नसलेला क्रोन्सही असतो. शाळेच्या आरोग्य तपासणीची कार्डं, लसीकरणाची पुस्तिका, जुन्या डॉक्टरांचे कागद, जिथे जिथे उंची-वजन लिहिलंय ते सगळं गोळा करा आणि वाढीच्या आलेखावर टिंबं मांडून घ्या. एका दिवसाची उंची फारसं काही सांगत नाही. चार टिंबं जोडणारी रेषा सांगते. ती आधी एका पट्टीतून जात होती आणि आता खालच्या पट्टीत उतरली, एवढं दिसलं तरी तज्ज्ञाची चिठ्ठी मागायला पुरेसं आहे. वयात येण्याच्या खुणा सोबतच्या मुलांपेक्षा बऱ्याच उशिरा येत असतील, तर तेही याच हिशेबात धरायचं. मुलं-मुली याबद्दल आपणहून बोलत नाहीत, विचारावं लागतं.

पोटाबाहेरच्याही काही खुणा आहेत. तोंडात वारंवार येणारी फोडं, गुडघा किंवा घोटा सुजणं, नडगीवर दुखऱ्या लाल गाठी, डोळे लाल होऊन उजेड न सोसणं. आणि एक जागा अशी आहे जी घरी आणि दवाखान्यात दोन्हीकडे संकोचापायी बघायची राहून जाते: गुदद्वार. तिथे कातडीचे जाड कोंब, न भरणारी चीर, पाण्यासारखा किंवा पुवाचा स्राव असेल, तर इतर काहीही नसलं तरी क्रोन्सचा विचार करावा लागतो. मुलाला कारण सांगून, त्याची परवानगी घेऊन ही तपासणी झालीच पाहिजे. 'मूळव्याध आहे' म्हणून मलम देण्याआधी तर नक्कीच. मुलांमध्ये मूळव्याध फार क्वचित असते.

काही बाबतीत वाट बघायची नाही, सरळ रुग्णालय गाठायचं. दिवसात सहा-सातपेक्षा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, पोट फुगून टणक होणं, सतत उलट्या आणि वायूही न सरणं, तापासोबत गुदद्वाराशेजारी दुखरी सूज, किंवा मूल निपचित पडून राहणं. या अवस्थेत जुलाब थांबवणारी गोळी घरच्या घरी देऊ नका. आधीच सुजलेलं मोठं आतडं अशाने लुळं पडून धोकादायक फुगू शकतं.

दुसरी पायरी: रक्त आणि शौचाच्या तपासण्या

पहिल्या फेरीत हिमोग्राम, सीआरपी, ईएसआर, अल्ब्युमिन, फेरिटिन, यकृताच्या तपासण्या (जीजीटी धरून) आणि क्रिएटिनिन पुरे होतात. हिमोग्लोबिन कमी, प्लेटलेट वाढलेले, अल्ब्युमिन घसरलेलं, असं त्रिकूट दिसलं की संशय बळावतो. जीजीटी कशाला, असं विचारणारे भेटतात. काही मुलांत आयबीडीसोबत पित्तनलिकांचाही दाह असतो आणि त्याची पहिली चाहूल तिथे लागते. सिलिॲक आजार (गव्हातल्या ग्लूटेनने आतडं बिघडवणारा) वगळायला टीटीजी-आयजीए आणि सोबत एकूण आयजीए करून घ्यावं.

या सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या तरी आयबीडी नाही असं ठरत नाही. सौम्य कोलायटिसमध्ये रक्त अगदी निर्दोष असू शकतं. 'रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनाचं आहे' हे वाक्य इथेच बोललं जातं आणि वर्ष वाया जातं.

शौचाचं कॅलप्रोटेक्टिन ही तपासणी या शंकेवर बरीच चांगली आहे. दाह असलेल्या आतड्यात पांढऱ्या पेशी उतरतात, त्यांच्यातलं हे प्रथिन शौचात मोजता येतं. चार वर्षांवरच्या मुलात दर ग्रॅमला ५० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर आतड्यात मोठा दाह असण्याची शक्यता फार कमी. २५० च्या वर असेल तर पुढे जायलाच हवं. मधला आकडा आला तर काही आठवड्यांनी पुन्हा करायचं. अगदी लहान बाळांत हा आकडा नैसर्गिकरीत्याच जास्त असतो, म्हणून मोठ्यांचे निकष त्यांना लावता येत नाहीत. जंतुसंसर्गाने, तसंच आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही तो वाढतो. नमुना देण्याआधी ही औषधं चालू असतील तर सांगा.

आणि याच वेळी संसर्ग वगळायचा. शौचाचं कल्चर, अमिबा, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल. अमिबाचा आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसचा रक्ती जुलाब दिसायला सारखाच, उपचार मात्र उलट दिशेचे. कोलायटिस समजून अमिबाला स्टेरॉइड दिलं तर जिवावर बेतू शकतं. जिथे क्षयरोग सर्रास आढळतो तिथे आतड्याचा क्षय हा क्रोन्सचा सगळ्यात फसवा जोडीदार. दोघेही लहान आतड्याच्या त्याच टोकाला बसतात, दोघांतही ताप, वजन घटणं, गाठी. छातीचा एक्स-रे, क्षयासाठीची मँटू (कातडीवरची) किंवा इग्रा (रक्ताची) तपासणी, आणि दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्याची क्षयासाठी जनुकीय तपासणी व कल्चर, हे सगळं करूनही कधीकधी निकाल लागत नाही. अशा वेळी काही तज्ज्ञ आधी क्षयाचे उपचार देऊन दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहतात. पालकांना यात टाळाटाळ वाटते. पण उलट क्रमाने, म्हणजे क्षय असताना प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं, तर तो शरीरभर पसरू शकतो.

तिसरी पायरी: दुर्बीण, आणि तीही दोन्हीकडून

निदानावर शिक्का दुर्बिणीनेच बसतो. मुलांच्या आयबीडीचे निदान-निकष पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराच्या नावाने ओळखले जातात. ते २००५ साली प्रसिद्ध झाले आणि २०१४ मध्ये सुधारले गेले. त्यांचं सार असं: खालून संपूर्ण मोठं आतडं आणि लहान आतड्याचं टोक बघायचं, त्याच भुलीत वरून अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवातही बघायची, आणि दिसायला निरोगी असलेल्या जागांचेही तुकडे घ्यायचे. मुलांत वरच्या भागातला दाह अनेकदा लक्षणांशिवाय असतो आणि क्रोन्सचा पुरावा तिथे सापडून जातो. 'फक्त शेवटचा थोडा भाग पाहू' असं कुणी सुचवलं, तर संपूर्ण का नाही, हे विचारा.

मुलाच्या दृष्टीने खरा त्रास तपासणीचा नसतो, आदल्या दिवशीच्या तयारीचा असतो. पोट साफ करणारं द्रावण भरपूर प्यावं लागतं, ते बेचव असतं. थंड करून, नळीने, थोडं थोडं दिलं तर बरं जातं. तपासणी भूल देऊन होते, दुखत नाही. शाळकरी मुलाला हे सगळं आधी खरंखरं सांगा. 'काही नाही, फक्त डॉक्टरकाकांना भेटायचंय' म्हणून नेलेलं मूल पुढच्या वेळी तुमच्यावर विश्वास ठेवत नाही, आणि या आजारात पुढच्या वेळा बऱ्याच असतात.

दुर्बिणीआधी, तब्येत फारच वाईट नसेल तर, स्टेरॉइड सुरू करू नये. चार दिवस बरं वाटतं, पण जखमा झाकल्या जातात आणि नेमका आजार कोणता, हे कायमचं अर्धवट राहू शकतं.

लहान आतड्याचा मधला भाग दुर्बिणीच्या टप्प्यात येत नाही. त्यासाठी एमआर एंटरोग्राफी, म्हणजे आतड्याचं एमआरआय, करतात, त्यात किरणोत्सर्ग नसतो. मुलांना आयुष्यात अनेकदा चित्रं काढावी लागणार असल्याने सीटी शक्यतो तातडीच्या प्रसंगासाठी राखून ठेवलेलं बरं. कॅप्सूल दुर्बीण, म्हणजे गिळायची कॅमेऱ्याची गोळी, हाही पर्याय आहे, फक्त आतडं अरुंद झालं असेल तर ती अडकते. गुदद्वाराशी भगंदर असेल तर ओटीपोटाचं एमआरआय वेगळं करावं लागतं.

सहा वर्षांखालच्या, आणि विशेषतः दोन वर्षांखालच्या, बाळात हा आजार दिसला तर रोगप्रतिकारशक्तीचा एखादा जन्मजात दोष त्यामागे असू शकतो. आयएल-१० च्या ग्राहकातला दोष, एक्सआयएपी जनुकातला दोष, क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस आजार, ही त्यातली काही नावं. यांपैकी काहींवर अस्थिमज्जा प्रत्यारोपण हाच उपचार असतो. त्यामुळे या वयात प्रतिकारशक्तीच्या आणि जनुकांच्या तपासण्या लवकर करायच्या, चार औषधं फसल्यावर नव्हे.

चौथी पायरी: क्रोन्सचे उपचार

निदानाच्या दिवशी डॉक्टरांकडून एवढं लिहून घ्या: प्रकार कोणता, कुठे कुठे पसरलाय, आतडं अरुंद झालंय का, गुदद्वाराशी काही आहे का, वाढ खुंटलीय का. उपचार यावर ठरतात.

मुलांच्या क्रोन्समधला पहिला उपचार ऐकून बहुतेक घरांत अविश्वासाने बघतात: सहा ते आठ आठवडे नेहमीचं सगळं जेवण बंद आणि फक्त औषधी द्रव आहार. याला संपूर्ण द्रव पोषण म्हणतात. दाह आटोक्यात आणण्यात मुलांमध्ये हा स्टेरॉइडच्या तोडीचा ठरतो, आतड्याच्या जखमा त्याहून चांगल्या भरतात, वजन वाढतं आणि स्टेरॉइडचे दुष्परिणाम नसतात. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मात्र हा चालत नाही. भगंदर, अरुंदपणा अशी गुंतागुंत न झालेल्या क्रोन्ससाठीच तो आहे.

कागदावर सोपा, घरात अवघड. सुरुवातीचे तीन-चार दिवस सगळ्यात कठीण जातात. भूक मरते, चव कंटाळवाणी होते, बाकीचे जेवायला बसले की मूल रडतं. काही गोष्टी कामाला येतात. आहारतज्ज्ञाकडून दिवसाचं एकूण प्रमाण ठरवून घ्यायचं आणि ते सहा-सात वेळांत वाटायचं. थंड केलं की वास कमी येतो. साधी, अख्ख्या प्रथिनांची पावडर ही महागड्या, विघटित प्रथिनांच्या पावडरीइतकीच परिणामकारक आहे आणि चवीला बरी, म्हणून आधी तीच घ्या. पिणं जमलंच नाही तर नाकातून बारीक नळी घालून रात्री देता येतं. अनेक मुलं दोन दिवसांत ती नळी विसरतात, आईवडील विसरत नाहीत. शाळेतल्या शिक्षकांना आधी सांगून ठेवा, म्हणजे डबा न आणण्यावर प्रश्न येणार नाहीत. साधारण दोन आठवड्यांत फरक दिसला पाहिजे. मुळीच दिसला नाही तर आठ आठवडे ओढत बसू नये.

फार खंगलेल्या मुलात हा आहार एकदम पूर्ण मात्रेत सुरू करणं धोक्याचं असतं. रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने खाली येऊ शकतं. अशा मुलाला पहिले काही दिवस रुग्णालयात ठेवून मात्रा हळूहळू वाढवतात.

हा उपचार आजार शांत करतो, पुढे शांत ठेवत नाही. म्हणून सोबतच टिकाऊ औषध ठरवावं लागतं. अॅझाथायोप्रिन रोज, दर किलोला २ ते २.५ मिलिग्रॅम, पूर्ण असर यायला ८ ते १२ आठवडे. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा. हा 'एकदा' लाल शाईने लिहून फ्रिजवर चिकटवा. चुकून रोज दिलं गेल्याने मृत्यू झालेले आहेत. आणि तिसरा गट जैविक औषधांचा, म्हणजे दाह पेटवणारं ठरावीक प्रथिन अडवणाऱ्या इंजेक्शनांचा: इन्फ्लिक्सिमॅब शिरेतून, दर किलोला ५ मिलिग्रॅमपासून, पहिल्या दिवशी, दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, मग दर आठ आठवड्यांनी, किंवा अॅडॅलिमुमॅब दर दोन आठवड्यांनी कातडीखाली.

पूर्वी पायरी-पायरीने चढायचं, म्हणजे साधी औषधं फसली तरच जैविक, अशी रीत होती. आता गुदद्वाराशी भगंदर, आतड्यात खोल जखमा, खूप पसरलेला आजार किंवा मोठ्या प्रमाणात खुंटलेली वाढ असेल तर जैविक औषध सुरुवातीलाच देण्याकडे कल आहे. मला तो पटतो. वाढीची खिडकी हाडांची टोकं जुळली की बंद होते. पंचविशीतल्या रुग्णाला दोन वर्षं प्रयोग करत काढता येतात, बाराव्या वर्षी तेवढा अवकाश नसतो. लहान, विशेषतः ३० किलोखालच्या, मुलांना इन्फ्लिक्सिमॅबचा नेहमीचा डोस बऱ्याचदा अपुरा पडतो. असर कमी वाटला तर औषध बदलण्याआधी त्याची रक्तातली पातळी मोजायला सांगा.

स्टेरॉइड अगदीच नको असं नाही. प्रेडनिसोलोन दर किलोला १ मिलिग्रॅम, दिवसाला जास्तीत जास्त ४० मिलिग्रॅम, आणि मग आठ-दहा आठवड्यांत उतरवत बंद. पण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच द्यावं लागत असेल तर मूळ योजना चुकली आहे. स्टेरॉइडने जुलाब थांबतात आणि उंचीही थांबते. मूल हसतंय, खातंय, गाल भरलेत, म्हणून घरात आनंद असतो आणि आलेखावरची रेषा आडवी पडलेली असते. हे औषध मनाने एकदम बंद करू नका, शरीराची स्वतःची स्टेरॉइड-निर्मिती तोवर झोपलेली असते.

कोलायटिसचे उपचार

सौम्य ते मध्यम कोलायटिसमध्ये मेसालॅमिन हे पायाभूत औषध, दिवसाला दर किलो ६० ते ८० मिलिग्रॅम. तोंडाने आणि सोबत एनिमा किंवा सपोझिटरीने, असं दोन्हीकडून दिलं तर जास्त लागू पडतं. किशोरवयीन मुलं एनिमाला साफ नकार देतात. काही आठवड्यांपुरता आहे, रात्री झोपताना स्वतःच्या हाताने घ्यायचा, असं त्यांच्याशी थेट बोललं तर बरीच तयार होतात. थोड्या मुलांना हे औषधच सोसत नाही. पहिल्या तीन आठवड्यांत ताप येऊन रक्ती जुलाब वाढले तर आजार बळावला असं धरून डोस वाढवण्याआधी औषध थांबवून पाहावं लागतं. वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन तपासायचं.

आजार किती तीव्र आहे हे पुकाई नावाच्या गुणांकनावर मोजतात. पोटदुखी, रक्त, शौचाचं स्वरूप, दिवसातल्या खेपा, रात्रीची शौच आणि मुलाची हालचाल, या सहा गोष्टींचे मिळून ० ते ८५ गुण. १० च्या खाली आजार शांत, ६५ आणि वर तीव्र. यात सुई नाही, दुर्बीण नाही. पालक घरी वहीत लिहू शकतात आणि फोनवर 'बरं नाहीये' म्हणण्यापेक्षा 'गेल्या आठवड्यात १५ होते, आज ४५ आहेत' म्हणू शकतात.

६५ च्या वर गेलं की रुग्णालय. शिरेतून स्टेरॉइड, शौचात क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल आहे का हे पाहणं, पोटाचा एक्स-रे, आणि शस्त्रक्रियातज्ज्ञाला पहिल्याच दिवशी कल्पना देणं. तिसऱ्या दिवशी गुण ४५ च्या वर असतील तर पुढच्या औषधाची तयारी, पाचव्या दिवशीही ६५ च्या वर असतील तर ते सुरू: इन्फ्लिक्सिमॅब किंवा सायक्लोस्पोरिनच्या जातीचं औषध. दहा-बारा दिवस 'अजून थोडं बघू' म्हणत नुसत्या स्टेरॉइडवर काढणं हा इथला सगळ्यात महागात पडणारा उशीर. मोठं आतडं काढावं लागलं तर ते कुणाचं अपयश समजू नका. कोलायटिसचा आजार मोठ्या आतड्यापुरताच असल्याने रक्तस्राव आणि जुलाबांचं चक्र त्याने थांबतं. क्रोन्समध्ये तसं होत नाही. तिथे शस्त्रक्रिया अरुंद तुकड्यापुरती असते आणि आजार जोडाशी पुन्हा उगवू शकतो.

प्रतिकारशक्ती दाबण्याआधी

अॅझाथायोप्रिन किंवा जैविक औषध सुरू होण्याआधी लसीकरणाचं कार्ड बाहेर काढा. गोवर आणि कांजिण्यांसारख्या जिवंत लसी राहिल्या असतील तर त्या आधीच घ्यायच्या, उपचार सुरू झाल्यावर त्या देता येत नाहीत. मात्र आजार तीव्र असेल तर लसीसाठी उपचार लांबवायचे नाहीत. निर्जीव लसी, म्हणजे हिपॅटायटिस बी, न्यूमोकोकस, एचपीव्ही आणि दरवर्षीची फ्लूची, केव्हाही चालतात. क्षय आणि हिपॅटायटिस बी यांच्या तपासण्या जैविक औषधाआधी सक्तीच्या समजा.

अॅझाथायोप्रिनआधी टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ तपासून घेतलेलं चांगलं. ज्यांच्यात ही विकरं कमी असतात त्यांच्या पांढऱ्या पेशी साध्या डोसनेही कोसळतात, आणि आशियाई वंशाच्या लोकांत एनयूडीटी१५ चा दोष जास्त आढळतो. तपासणी केली तरी पहिल्या महिन्यात दर आठवड्या-दोन आठवड्यांनी हिमोग्राम हवाच, नंतर अंतर वाढवत दर तीन महिन्यांवर. पोटात वरच्या बाजूला जोराची कळ आली तर स्वादुपिंडाची सूज असू शकते. किशोरवयीन मुलग्यांत, एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग आधी झालेला नसेल तर, लिम्फोमाचा, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचा, छोटा पण खरा धोका आहे. म्हणून या वयात पर्याय काय, हे विचारा.

रोजचं खाणं, दुखणं, हाडं

आजार शांत असताना 'आयबीडीचं पथ्य' असं एक ठरलेलं काही नाही. क्रोन्ससाठी काही अन्नघटक वगळणारा आणि सोबत निम्मा द्रव आहार असलेला एक आखीव आहार आहे, २०१९ मधल्या चाचणीत तो मुलांना संपूर्ण द्रव पोषणापेक्षा चांगला सोसला. पण तो आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालचा उपचार आहे. नातेवाइकांच्या सल्ल्याने एकेक पदार्थ बंद करत गेलं की महिन्याभरात मूल तीन-चार पदार्थांवर येतं, आणि वाढायला तर सगळंच लागतं. फक्त आतडं अरुंद झालेलं असेल तेव्हा जाड तंतूंचे, सालींचे पदार्थ टाळायचे.

लोह कमी असेल आणि आजार चालू असेल तर गोळ्या पचत नाहीत, शिरेतून लोह देणं बरं. ड जीवनसत्त्व तपासून भरून काढायचं. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल चालतं, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक नको. औषधांच्या दुकानातून वेदनाशामक घेताना आजाराचं नाव सांगायची सवय मुलालाही लावा.

शाळा आणि मन

शाळेला एक चिठ्ठी पुरते: न विचारता स्वच्छतागृहात जाऊ द्यावं, परीक्षेत तेवढा वेळ वाढवून द्यावा, खेळ बंद करू नये. बाकी आजाराचं नाव वर्गात कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, हे मुलाने ठरवायचं.

या मुलांत उदासी आणि चिंता निरोगी मुलांपेक्षा जास्त दिसते. दुसरीकडे, आजार शांत असूनही पोट दुखत राहू शकतं. कॅलप्रोटेक्टिन चांगलं, पुकाई कमी, तरी कळ येते. तेव्हा औषध वाढवून काही होत नाही, त्या दुखण्याकडे आयबीएससारखं बघावं लागतं. आणि उलट, उपचार 'फसले' असं वाटलं की आधी हळूच विचारा: गोळ्या घेतोस ना? चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या खोलीत गादीखाली गोळ्या सापडणं नवीन नाही. रागावलात तर पुढच्या वेळी त्या गादीखाली नसतील, नळात गेलेल्या असतील.

पाठपुरावा

दर तीन महिन्यांनी उंची, वजन, हिमोग्राम, सीआरपी, यकृत. कॅलप्रोटेक्टिन वर्षातून तीन-चारदा. ते घसरून २५० च्या आत, जमलं तर १०० पर्यंत यायला हवं. तब्येत ठणठणीत वाटत असताना ते वर चढू लागलं तर उद्रेक महिन्या-दोन महिन्यांवर असू शकतो, म्हणून 'बरा आहे तर तपासणी कशाला' हा हिशेब इथे चुकतो. उपचार बदलल्यावर काही महिन्यांनी जखमा भरल्या का, हे दुर्बिणीने पाहायचं. उंची मोजताना बूट काढून, टाच, पाठ आणि डोकं भिंतीला टेकवून, दर वेळी त्याच पट्टीवर. आजार शांत आहे असं सगळे कागद म्हणत असतील आणि सहा महिन्यांत रेषा वर सरकली नसेल, तर कागदांपेक्षा रेषेवर विश्वास ठेवा आणि उपचारांचा विषय पुन्हा काढा.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची दुर्बीण-तपासणी आजार सुरू झाल्यापासून आठ-दहा वर्षांनी सुरू होते, पित्तनलिकांचा दाह सोबत असेल तर निदानापासूनच दरवर्षी. म्हणजे दहाव्या वर्षी आजार झालेल्याला ती विशीच्या आसपास लागते, नेमकी ज्या काळात तो मुलांच्या डॉक्टरांकडून मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जातो आणि कागद हरवतात. त्यामुळे बाराव्या-तेराव्या वर्षापासून भेटीतली पहिली दहा मिनिटं मुलाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. सोळाव्यापर्यंत त्याला आजाराचं पूर्ण नाव, औषधं आणि डोस, शेवटची दुर्बीण केव्हा झाली आणि औषध संपत आलं की कुणाला फोन करायचा, हे न बघता सांगता आलं पाहिजे. ती नोंदवही तेव्हाच त्याच्या हवाली करा.